नारिंगी डोक्याचा दगड

दोस्तांनो,

ट्रिंग ट्रिंग! घंटी वाजली की ओळखायचं, सायकलवाला काका आला. मागच्या खेपेला आपण पंक्चर काढायला शिकलो होतो. किती जणांनी खरंच ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधले? आणि किती जणांनी आईच्या धुण्याच्या बादलीत काळी ट्यूब घालून बोलणी खाल्ली? खरं खरं सांगा हं!

आजचा विषय मला एका पत्राने दिला. मुखेड तालुक्यातल्या एका वाडीवरून आठवीतल्या मुलीने ते पाठवलं आहे. ती लिहिते, “काका, मला शाळेत जायला सायकल मिळाली. शाळा चार किलोमीटर आहे. मी रोज जाते-येते. मला सायकलवर कंधारचा किल्ला बघायला जायचं आहे. पण आई म्हणते, सायकल शाळेपुरती. सडकेवर जायचं नाव काढू नको. तुम्ही आईला समजावून सांगा ना!”

बाळ, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सडकेच्या बाबतीत तुझी आई शंभर टक्के बरोबर आहे. ती का बरोबर आहे, हे मला फार चांगलं ठाऊक आहे. माझ्या डाव्या मनगटाला ठाऊक आहे म्हणा ना!

मी तेव्हा नववीत होतो. दिवाळी होऊन गेली होती, उसाची तोड सुरू झाली होती. मावशीच्या गावाहून मी आणि माझा धाकटा भाऊ सायकलवर घरी निघालो. सायकल वडिलांची, काळी, मोठ्या दांड्याची. भाऊ मागे कॅरिअरवर. मावशी म्हणाली, “शेतातल्या वाटेने जा रे.” मी म्हटलं, “त्या वाटेने कोण जातं? सडकेने भुर्रकन् जाऊ!” निघायला उशीर झाला. अंधारून आलं. माझ्या सायकलला दिवा नव्हता. समोरून एक ट्रक आला, त्याचा उजेड थेट डोळ्यांत गेला. ट्रक गेल्यावर क्षणभर काहीच दिसेना. आणि एकदम पुढ्यात उसाची भिंत! ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. मी हँडल फिरवलं आणि आम्ही दोघं सायकलसकट खाली नालीत गेलो.

माझं मनगट मोडलं. भावाच्या भुवईवर टाके पडले. ती खूण अजून आहे. टाके डोळ्याच्या इतके जवळ होते की डॉक्टर आधी काही बोललेच नाहीत. आईचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

वाटलं, वडील आता सायकल विकून टाकणार. ते तेवढंच म्हणाले, “कामून रे, एवढी घाई होती का?” माझं प्लास्टर निघाल्यावर एका रविवारी त्यांनीच सायकल बाहेर काढली. शेजारच्यांची एक मागून आणली. म्हणाले, “चल, तुला मावशीच्या गावची वाट दाखवतो.” आम्ही शेतांमधून गेलो. चार किलोमीटरचा वळसा पडला. त्या संपूर्ण वाटेवर आम्हाला दोन बैलगाड्या, एक शेळ्यांचा कळप आणि एक मोटारसायकल भेटली, बस्स! त्या दिवशी वडिलांनी मला एक गोष्ट शिकवली. सायकल चालवता येणं वेगळं आणि सायकलसाठी रस्ता निवडता येणं वेगळं. पहिलं आठवड्यात जमतं. दुसरं शिकावं लागतं.

आज तेच शिकू या.

दगडाचं डोकं बघा

रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. आकडे तुम्ही वाचता, पण त्यांच्या डोक्याचा रंग कधी बघितलात का? तो रंग म्हणजे रस्त्याचं आडनाव! पिवळं डोकं असलं की राष्ट्रीय महामार्ग. हिरवं असलं की राज्य महामार्ग. काळं असलं की साधारणपणे जिल्ह्याचा रस्ता. आणि नारिंगी डोकं असलं की गावाचा रस्ता.

लातूर-नांदेड ही आपली मोठी सडक म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ३६१. ती तुळजापूरहून येते, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाते आणि पुढे यवतमाळ-वर्ध्याकडे निघून जाते. पिवळं डोकं! तिथे गाड्या सुसाट असतात. तो रस्ता त्यांच्यासाठीच बांधलेला आहे, त्यांच्यावर रागवून उपयोग नाही. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची जत्रा भरते, तेव्हा तर लोह्याकडची ही सडक माणसांनी आणि जनावरांनी फुलून जाते. जत्रेला जरूर जा, पण एसटीने.

नारिंगी दगडाची गोष्ट निराळी आहे. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. ज्या गावांना पावसाळ्यात चिखलातून जावं लागायचं, त्यांना डांबरी रस्ता द्यायचा, हा तिचा हेतू. मराठवाड्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांना असे अरुंद, काळे रस्ते मिळाले. ते केले दवाखान्यासाठी, शाळेसाठी, बाजारासाठी. सायकलसाठी म्हणून कोणी केले नाहीत. पण सायकलवाल्यांना याहून चांगली भेट कोणती? हे रस्ते एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. लांबचा प्रवासी तिथे फिरकत नाही, म्हणून वाहनं कमी.

मग काय करायचं? घरच्या भिंतीवरचा किंवा शाळेतला तालुक्याचा नकाशा घ्यायचा. जाडजूड रेघ पुसून टाकली आहे असं समजायचं आणि बारीक रेघांवरून जायचा प्रयत्न करायचा. कोड्यासारखं आहे. करून बघा, मजा येते!

इटलीतल्या लोकांनी काय केलं?

जगात सायकलवेडे देश पुष्कळ आहेत. इटली त्यांतला एक. ‘जिरो द इतालिया’ नावाची त्यांची सायकलशर्यत १९०९ पासून भरते. या देशाच्या मधोमध आपेनाइन नावाची डोंगररांग आहे. तिथल्या अब्रुत्सो नावाच्या प्रदेशात या रांगेचं सर्वांत उंच शिखर आहे, २,९१२ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे विचार करा!

पूर्वी रोमहून पलीकडच्या समुद्राकडे जायचं तर या डोंगरांतल्या वळणावळणांच्या रस्त्यांनी जावं लागे. मग तिथे मोठे द्रुतगती मार्ग झाले. १९८४ मध्ये तर त्या उंच डोंगराच्या पोटातून बोगदाच सुरू झाला. ट्रक आणि मोटारी बोगद्यातून जाऊ लागल्या, आणि वरचे जुने रस्ते शांत झाले. आता त्या रस्त्यांवर मेंढ्या असतात, जुनी दगडी गावं असतात आणि सायकलवाले असतात. देशोदेशींचे लोक तिथे सायकल चालवायला जातात. एक रस्ता तर कांपो इंपेरातोरे नावाच्या पठारावरून २,१०० मीटरपेक्षा उंच चढतो.

आता तुम्ही म्हणाल, काका, आपल्याकडेही मोठा महामार्ग झाला, मग आपला जुना रस्ता कुठे गेला? चांगला प्रश्न! आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जुनाच रस्ता रुंद केला. गावाबाहेरून वळणरस्ता काढला, तिथे गावातला जुना तुकडा तेवढा उरला. म्हणून इटलीसारखा जुना रस्ता आपल्याला आयता मिळत नाही. आपल्याला शांत रस्ता नारिंगी दगडाच्या मागे जाऊन शोधावा लागतो.

आपले डोंगर पायऱ्यांचे

“पण काका, आपल्याकडे डोंगर कुठे आहेत?” असं लातूरची मुलं नेहमी विचारतात. अरे, तुम्ही डोंगराच्या डोक्यावरच बसला आहात! लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचावर आहे आणि नांदेड सुमारे ३६० मीटरवर. दोघांत २७० मीटरचा फरक. मधे आहे बालाघाटाची रांग. ‘बाला’ म्हणजे फारसी भाषेत वर. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट.

आता एक गणित. लातूर ते नांदेड सडकेने साधारण १४० किलोमीटर. २७० मीटर उतार १४० किलोमीटरमध्ये वाटून टाकला तर दर किलोमीटरला किती आला? जेमतेम दोन मीटर! म्हणजे लातूरहून सायकल सोडून दिली की घरंगळत नांदेडला, असंच ना? मुळीच नाही. वाटेत चढ येतात, खोलगट जागा येतात, पुन्हा चढ येतात. का बरं?

त्याची दोन कारणं. पहिलं कारण दगडात आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला इथे लाव्हारस वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर बसले, भाकरीवर भाकरी ठेवावी तसे. हे थर झिजले तेव्हा पायऱ्या झाल्या. म्हणून आपले डोंगर टोकदार नसतात, वरून सपाट असतात, बाजूंना पायऱ्यांसारखे असतात. या दगडाला इंग्रजीत ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आला आहे. आपण सायकलवर ही पायरी चढतो, मग बराच वेळ सपाटी, मग पुढची पायरी.

दुसरं कारण नद्या. इथे एक सोपा नियम लक्षात ठेवा. नदीच्या सोबतीने जाणारा रस्ता सौम्य असतो. नद्या ओलांडत जाणारा रस्ता दमवतो, कारण प्रत्येक नदीला खाली उतरायचं आणि पलीकडे वर चढायचं. नकाशात निळ्या रेघा बघितल्या की रस्ता किती दमवेल, ते घरबसल्या कळतं.

आणि वळशाचं म्हणाल तर आपल्या मांजरा नदीएवढा मोठा वळसा कोणी घेतला नसेल! बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे उगम पावते, लातूर जिल्ह्यातून जाते, मग थेट गोदावरीला मिळायचं सोडून कर्नाटकात बीदरकडे जाते, तेलंगणात शिरते, तिथे उत्तरेला वळते आणि नांदेड जिल्ह्यात कुंडलवाडीजवळ गोदावरीला भेटते. सातशे किलोमीटरहून लांब प्रवास. तरी कोणी तिला म्हणत नाही, “एवढा वळसा कशाला घेतलास?” वाटेतली सगळी गावं तिचं पाणी पितात, मग कोण म्हणेल?

कुठे कुठे जाल?

आता तीन-चार जागा सांगतो. या तुमच्या घराजवळ असतील तर उत्तम, नसतील तर अशाच दुसऱ्या शोधा.

नांदेडच्या मुलांसाठी विष्णुपुरी. गोदावरीवरचा प्रकल्प, विस्तीर्ण पाणी आणि काठावर काळेश्वराचं देऊळ. शहरातून बाहेर पडेपर्यंत गर्दी असते, तेवढा भाग पहाटे आणि मोठ्या माणसाबरोबरच पार करायचा. चढाची हौस असेल तर लोह्याच्या वाटेवर वडेपुरीची रत्नेश्वरी आहे. डोंगर छोटा, पण बिनगिअरच्या सायकलवर धाप लागते.

कंधार तर या मुलीने निवडलंच आहे, आणि तिची निवड झकास आहे. कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा. डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, भोवती रुंद खंदक. गावाजवळ जगत्तुंग सागर नावाचा जुना तलाव आहे. शेजारून मन्याड नदी जाते. कंधार-मुखेडचा भाग डोंगराळ. माळरान, मधेच तांडा, खाली काळ्या मातीची पट्टी, तीत तूर आणि हरभरा. चढ आला की उतरून सायकल ढकला. त्यात लाज कसली? इटलीतल्या डोंगरातसुद्धा लोक दमले की उतरतात.

उदगीरच्या मुलांसाठी हत्तीबेट. उदगीरपासून साधारण पंधरा किलोमीटरवर, देवर्जनजवळ. टेकडीत कोरलेल्या जुन्या गुहा आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वातंत्र्यसैनिकांनी या बेटाचा आसरा घेतला होता. आणि खुद्द उदगीरचा किल्ला विसरू नका. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामावर विजय मिळवला. त्यानंतर वर्षभरातच पानिपत झालं. इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत संपणारी गोष्ट किल्ल्याच्या खंदकाशी उभं राहिलं की वेगळी वाटते.

आणि लातूर-औशाच्या मुलांसाठी खरोसा. औसा-निलंग्याच्या भागातल्या एका टेकडीत सुमारे सहाव्या शतकातली लेणी आहेत. टेकडीवरून खाली बघितलं की शेतांमधून जाणाऱ्या बारीक रस्त्यांचं जाळं दिसतं. तुमच्या नकाशातल्या त्याच बारीक रेघा!

खरोशाहून दक्षिणेला गेलं की किल्लारीचा भाग लागतो. इथे मला जरा थांबायचं आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालं होतं. माणसं दमून झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांना ती पहाट आठवत असेल.

नंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली बावन्न गावं नव्या जागी वसवली. म्हणून या भागात एकाच नावाचं जुनं गाव आणि नवं गाव, असं दोन्ही असतं. नव्या गावातले रस्ते सरळ आणि रुंद. जुन्या गावठाणाकडे जाणारी वाट मात्र अगदी शांत. सायकलवर तिथे गेलात तर घंटी वाजवू नका. जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे. तिथे दोन मिनिटं उभे राहा. काही रस्ते शांत असतात, कारण तिथे गाड्या येत नाहीत. काही रस्ते शांत असतात, कारण तिथे जायला घर उरलं नाही. सायकलवाल्याला दोन्हींतला फरक कळायला हवा.

मघाशी ज्या अब्रुत्सोबद्दल बोललो ना, तिथेही असंच झालं. ६ एप्रिल २००९ ला, पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी, लाक्विला शहराच्या भागात भूकंप झाला आणि तीनशेहून अधिक माणसं गेली. तीही झोपेतच. इतक्या दूरचे दोन डोंगराळ मुलूख, आणि दोघांचं दुःख एकसारखं!

शांत म्हणजे रिकामा नव्हे

नारिंगी दगडाच्या रस्त्यावर धोका नसतो, असं मी म्हटलेलं नाही हं. तिथले धोके निराळे असतात. ते आधी माहीत असले की झालं.

सोयाबीन निघालं की शेतकरी ते रस्त्यावर वाळत घालतात. त्या दाण्यांवरून, काडांवरून चाक घसरतं. उतरायचं, बाजूने चालत जायचं. ते त्यांचं वर्षाचं धान्य आहे, त्यावरून चाक न्यायचं नाही.

बैलगाडी पुढे असेल तर लांबूनच हळू व्हायचं. बैलाच्या कानाजवळ घंटी वाजवली तर बैल बुजतो. कुत्रं मागे लागलं तर जोरात पळवायचं नाही. थांबायचं, उतरायचं, सायकल मधे ठेवायची. बहुतेक कुत्री मग कंटाळून जातात.

ओढ्या-नदीच्या रस्त्यावर वाळूचा टिप्पर आला तर थांबून कडेला उभं राहायचं. अरुंद रस्त्यावर त्याच्याशी शर्यत नाही.

पावसाळ्यात डांबर सोडून काळ्या मातीत शिरू नका. ती चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये गच्च भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मग काडीने माती उकरत बसा! आणि बाभळीचे काटे तर तुम्हाला ठाऊकच आहेत. मागच्या खेपेचं पंक्चरचं सामान बरोबर हवंच.

उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे. निघण्यापूर्वी ब्रेकची रबरं झिजली नाहीत ना, हे बघायचं. उन्हाळ्यात दुपारचं नाव काढायचं नाही. आपल्याकडे ऊन बेचाळीस अंशांच्या वर जातं. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. थंडीत वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो. म्हणून जाताना वाऱ्यासमोर जा आणि येताना वारा पाठीवर घ्या. उलटं केलंत तर परतताना रडकुंडीला याल!

आणि पाण्याचा नियम. बाटली अर्धी झाली की मागे फिरायचं. किल्ला शंभर पावलांवर असला तरी! गावात पाणी मिळतं, कोणी नाही म्हणत नाही, पण नियम तो नियम. डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असली की दुसरं काही लागत नाही. हुरड्याच्या दिवसांत तर कोणीतरी शेतात बोलावतंच.

आता आईबाबांशी दोन शब्द

मुलांनो, इथून पुढचं आईबाबांना वाचायला द्या.

ताई, तुम्ही तुमच्या लेकीला सडकेवर जाऊ देत नाही, हे मी वाचलं आणि तुमच्याबद्दल आदर वाटला. माझ्या आईला माझी जी अवस्था बघावी लागली, ती कोणत्याच आईला बघावी लागू नये. पण ‘सायकल शाळेपुरती’ एवढ्यावर थांबू नका, ही विनंती.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. शाळा लांब आहे म्हणून मुलीचं शिक्षण सुटू नये, हा त्यामागचा विचार. तुमची लेक रोज आठ किलोमीटर सायकल चालवते. म्हणजे सायकल तिला येते. आता तिला रस्ता निवडायला शिकवू या. तिने आज नाही शिकलं तर उद्या कॉलेजला, कामाला जाताना ती शिकणार कुठे? थेट सडकेवर?

माझ्या वडिलांनी केलं तसं करा. एक रविवार तिच्याबरोबर जा. तुम्हाला सायकल येत नसेल तर तिच्या बाबांना, मामाला, काकाला पाठवा. कंधार एकदम गाठायचं नाही. पहिल्या रविवारी शेजारच्या गावापर्यंत. पुढच्या रविवारी त्याच्या पुढच्या गावापर्यंत. प्रत्येक गावात ओळखीचं एक घर करून ठेवा. आपल्या भागात ओळख काढायला पाच मिनिटं पुरतात! कोणाची तरी आत्या तिथे दिलेलीच असते. अशी घरं जोडत गेलं की ती वाट तुमची होते. मग एक दिवस ती मैत्रिणींबरोबर जाईल, आणि कुठल्या गावातून किती वाजता गेली असेल, हे तुम्हाला घरी बसून सांगता येईल.

आणि ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्या दादांना हात जोडून सांगतो. ट्रॉलीच्या मागे लाल चमकणारी पट्टी लावा. फार खर्च येत नाही. त्या पट्टीने कोणाच्या तरी लेकराचा डोळा वाचेल.

या आठवड्याचा उद्योग

चला, मुलांनो, परत या! वहीचं एक पान घ्या. तुमच्या घरापासून पाच किलोमीटरच्या आतला एक शांत रस्ता शोधा. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन त्यावरून जाऊन या आणि त्याचा नकाशा काढा. त्यात पाच गोष्टी दाखवायच्या: पाणी कुठे मिळतं, सावलीचं झाड कुठे आहे, चढ कुठे आहे, कुत्रं कुठे आहे आणि ओळखीचं घर कुठे आहे. दगडाला दगडाच्या डोक्याचाच रंग द्या. रंग उडाला असेल तर तसं लिहा.

जाता जाता सायकलचे दाते मोजा. पुढच्या चक्रीचे किती, मागच्या चक्रीचे किती? पुढचे ४८ आणि मागचे १६ असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरेल? आणि चढावर हेच का जड जातं? उत्तर पुढच्या वेळी.

आणि मुखेडकडच्या माझ्या मैत्रिणी, तुला एक काम. नकाशा सर्वांत आधी तू काढायचा. तो आईपुढे ठेवायचा आणि म्हणायचं, “आई, यातल्या कुठल्या घरापर्यंत मी जाऊ?” हट्ट करायचा नाही. ती पहिलं गाव दाखवेल. तिथूनच सुरुवात. कंधारचा खंदक शेकडो वर्षांच्या गोष्टी सांगत उभा आहे, तो आणखी दोन-चार महिने तुझी वाट बघेल.

पोचलीस की पत्र टाक. आई बरोबर आली असेल तर तिलाही दोन ओळी लिहायला सांग.

तुमचा,
सायकलवाला काका